काठ लहरी झालेल्या क्विल्टसाठी बॅटिंग कसं निवडायचं

क्विल्टचा वरचा थर शिवून झाला. पलंगावर पसरला तर मधला भाग सपाट बसतो आणि चारी बाजूंची बॉर्डर मात्र जागोजागी वर उचलली जाते. दाबली तर लाट पुढे सरकते, नाहीशी होत नाही. नव्यानं क्विल्टिंग शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि पाठोपाठ सल्लाही येतो : "जाड बॅटिंग घाल, सगळं दबून जाईल." या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण त्याला मर्यादा आहेत. त्या न ओळखता जाड बॅटिंग आणलं तर पैसे जातात आणि काठावर कायमच्या चुण्या बसतात.

बॅटिंग, म्हणजे वरच्या कापडाच्या आणि अस्तराच्या मधलं भरण, काठाचं कापड कमी करू शकत नाही. त्यातलं थोडं जास्तीचं कापड ते आपल्या फुगीरपणात सामावून घेतं. किती सामावेल हे भरणाच्या जाडीवर, टिपांमधल्या अंतरावर आणि टिपांच्या दिशेवर ठरतं. म्हणून दुकानात जायच्या आधी इंचटेप हातात घ्यायची.

पायरी १ : झोळ किती आहे ते मोजा

वरचा थर जमिनीवर पसरा. तळहातानं हलकेच सपाट करा, ताणू नका. आता लांबी तीन ठिकाणी मोजा : बरोबर मध्यावर, डाव्या कडेला आणि उजव्या कडेला. मग रुंदीही तशीच तीन ठिकाणी. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणलेली असते, त्यामुळे एवढ्या लांब मापासाठी लोखंडी टेप बरी.

समजा तुमचं क्विल्ट ६० बाय ८० इंचांचं आहे. मध्यावर ८० भरलं आणि कडेला ८१, म्हणजे ८० इंचांत १ इंच जास्त, साधारण सव्वा टक्का. माझ्या मापाच्या सीमारेषा अशा आहेत : एक टक्क्याच्या आत असेल तर कुठलंही चांगलं बॅटिंग चालेल, फक्त टाचताना काळजी घ्यायची. एक ते दोन टक्के असेल तर बॅटिंगची निवड खरंच कामाला येते, आणि हा लेख मुख्यतः त्याच गटासाठी आहे. दोन टक्क्यांच्या पुढे, म्हणजे ८० इंचांच्या बाजूवर दीड-पावणेदोन इंचांहून जास्त झोळ असेल, तर बॅटिंगच्या भरवशावर राहू नका. बॉर्डर उसवा.

उसवण्याचा कंटाळा येतो हे खरं, पण लांब सरळ टीप उसवायला वाटतो तेवढा वेळ लागत नाही. उसवल्यावर मधल्या भागाचीच तीन मापं घ्या, त्यांची सरासरी काढा आणि बॉर्डरची पट्टी त्या मापाला कापा. पट्टीचा मध्य क्विल्टच्या मध्याला, पाव लांबीची खूण पाव लांबीच्या खुणेला, टोक टोकाला टाचा आणि मगच टीप मारा. ज्या बाजूचं कापड किंचित जास्त वाटेल ती खाली, मशिनच्या दात्यांकडे ठेवायची. दाते खालचं कापड थोडं जास्त ओढून घेतात, त्यामुळे जास्तीचं आपोआप जिरतं.

लाटा मुळात तयार होतात त्या पट्टी न मोजता जोडल्यानं. लांब पट्टी घ्यायची, कडेला लावत शिवत जायचं आणि उरलेलं शेपूट शेवटी कापायचं, अशी सवय असली की पट्टी मधल्या भागाच्या मापात राहत नाही आणि शेवटी बॉर्डर इंच-दोन इंच लांब निघते. पन्ह्यात आडवी कापलेली पट्टी किनारीला समांतर कापलेल्या पट्टीपेक्षा जास्त ताणली जाते. तिरकी, म्हणजे उरेब कापलेली तर सगळ्यात जास्त.

पायरी २ : भरण झोळ कसा खातं ते समजून घ्या

हे कळलं की दुकानदारानं समोर टाकलेल्या चार प्रकारांतून तुमचा तुम्ही निवडाल.

दोन टिपांच्या मध्ये कापड भरणामुळे वर उचललं जातं. सपाट जाण्याऐवजी ते छोट्या कमानीवरून जातं, आणि कमानीला कापड जास्त लागतं. टिपांमध्ये २ इंच अंतर असेल आणि मधलं कापड एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वर उचललं गेलं तर साधारण एक टक्का कापड जास्त खपतं. दोन सूत उचललं गेलं तर जवळजवळ चार टक्के. जाडी दुप्पट केली की खपणारं कापड चौपट होतं. पातळ सुती बॅटिंगवर काठ लाटा मारत राहतो आणि जरा फुगीर भरणावर तोच शांत बसतो, त्याचं कारण हे.

हा कागदावरचा हिशेब झाला. प्रत्यक्षात भरण दाबलं जातं आणि थोडा फुगवटा अस्तराच्या बाजूलाही जातो, म्हणून मी निम्मंच धरते. दोन सूत फुगणारं भरण असेल तर दोन टक्क्यांपर्यंतचा झोळ जिरेल असं समजायचं. वरची सीमारेषा मी याच हिशेबावर ठरवली आहे.

मग सगळ्यात जाड भरणच का नको? कारण ते क्विल्टच्या मधल्या भागाखालीही असतं. मधलं कापड मोजकंच आहे, त्याच्याकडे जास्तीचं काही नाही. जाड भरणावर तिथे दाट टिपा मारल्या की मधला भाग आत ओढला जातो, आकसतो, आणि त्याच्या तुलनेत काठ आणखीच सैल दिसतो. झोळ झाकायला गेलात आणि झोळ वाढला, असं होतं. म्हणून मध्यम फुगीर भरण, मध्यभागी मोकळ्या टिपा आणि काठावर त्याहून थोड्या दाट टिपा, ही जोडी लक्षात ठेवा. तिच्याशिवाय बॅटिंगची निवड अर्धवट राहते.

पायरी ३ : प्रकार बघा

*शुद्ध सुती बॅटिंग.* पातळ, सपाट, अंगाला छान लागणारं. मशिनखाली सरकत नाही, कारण सुती कापडाला ते चिकटून बसतं. फुगवटा मात्र जेमतेम एक सूत. लहरी काठासाठी पहिल्या नजरेत हे अगदी चुकीचं वाटतं. पण पहिल्या धुण्यात बहुतेक सुती बॅटिंग ३ ते ५ टक्के आटतं आणि सगळ्या क्विल्टवर बारीक सुरकुत्यांचं जाळं येतं. काठ आणि मध्य दोन्ही आटतात, त्यामुळे काठाची जास्तीची लांबी प्रमाणात तेवढीच राहते, पण सुरकुत्यांमध्ये ती वेगळी दिसून येत नाही. रोजच्या वापराचं, वारंवार धुतलं जाणारं पांघरूण असेल आणि झोळ एक टक्क्याच्या आसपास असेल तर हा साधा, भरवशाचा मार्ग. सुरकुत्या हव्या असतील तर बॅटिंग आधी धुऊ नका. भिंतीवर टांगायचं किंवा प्रदर्शनात ठेवायचं, न धुता वापरायचं क्विल्ट असेल तर मात्र लहरी काठाला सुती बॅटिंग नको.

*सुती-पॉलिएस्टर मिश्रण.* ८० टक्के कापूस, २० टक्के पॉलिएस्टर हे प्रमाण जगभर चालतं. सुतीपेक्षा किंचित फुगीर, वजनाला हलकं, धुतल्यावर थोडं आटतं. नव्या माणसाला काय घेऊ असं विचारायचं असेल तर माझं पहिलं उत्तर हेच. एक ते दीड टक्क्याचा झोळ यात बऱ्यापैकी जिरतो आणि घरच्या मशिनवर ते त्रास देत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना हॉब्स कंपनीचं ८०-२० सहज मिळतं.

*लोकरीचं बॅटिंग.* लहरी काठाला सगळ्यात क्षमाशील हेच. फुगतं, पण दाबलं की पटकन दबतं आणि सोडलं की परत उठतं. त्यामुळे जिथे कापड जास्त आहे तिथे वर येतं आणि जिथे ताण आहे तिथे खाली राहतं. घडीच्या खुणाही टिकत नाहीत. पण महाग आहे, कसरीपासून सांभाळावं लागतं, आणि कोकणात किंवा मुंबईत पांघरायला उबदारही जास्त. दीड ते दोन टक्के झोळ असेल, वरचा थर खूप मेहनतीचा असेल आणि उसवणं शक्यच नसेल, तर हा खर्च सार्थ आहे.

*पॉलिएस्टर वॅडिंग.* आपल्याकडच्या बाजारात हेच सगळ्यात जास्त दिसतं. रोलमधून मीटरवर कापून देतात आणि जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, अशी सांगतात. आटत नाही, लवकर वाळतं, पावसाळ्यात हा मोठा फायदा. फुगवटा भरपूर. अडचण अशी की ते घसरतं. मशिनच्या फुटाखाली (कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली) वरचा थर पुढे सरकतो आणि काठाचा झोळ कोपऱ्यात जमा होतो. शिवाय एकाच जीएसएमचं एका दुकानातलं वॅडिंग सपाट आणि दुसऱ्यातलं फुललेलं असू शकतं, म्हणून आकड्यावर न जाता बोटानं दाबून बघा. दाबल्यावर एक सुताच्या खाली जाऊन परत उठलं पाहिजे. घरच्या मशिनवर मी १०० ते १५० जीएसएमच्या पुढे जात नाही. दोन्ही बाजूंनी हलकी इस्त्री बसल्यासारखं, पृष्ठभाग गुळगुळीत असलेलं वॅडिंग घ्या. सुटे तंतू निघत असतील तर ते पुढे कापडातून बाहेर येतात, आणि गडद रंगावर ते पांढऱ्या लवेसारखे दिसतात.

*पिंजलेला कापूस.* आपल्या रजईतला. हातानं टाके घालायला सुंदर, पण सुटा कापूस मशिनखाली सरकतो आणि गोळा होतो. त्यात लहरी काठ म्हणजे दुप्पट त्रास. मशिनच्या कामाला नको.

*जुन्या साड्या, धोतरं, चादरी.* गोधडीची आपली रीत, भरण नाहीच, थरावर थर. गोधडीत काठ सैल असला तरी चालून जातं, कारण जवळजवळचा धावदोरा टाक्याटाक्यागणिक थोडं थोडं कापड खात जातो. मशिनच्या टिपा तितक्या जवळ नसतात आणि साडीच्या थरांना फुगवटाही नसतो. त्यामुळे काठ लहरी असेल तर मशिनवर हा प्रयोग करू नका. हातानं शिवणार असाल तर खुशाल करा.

पायरी ४ : पाकिटावरचा एक आकडा

तयार बॅटिंगच्या पाकिटावर टिपांमधलं जास्तीत जास्त अंतर दिलेलं असतं. कुठे ४ इंच, कुठे ८. वॉर्म अँड नॅचरलसारख्या सुयांनी ठोकून, आत बारीक जाळीचा थर देऊन केलेल्या बॅटिंगवर १० इंच. या अंतराच्या पुढे गेलात तर धुतल्यावर भरण तुटून सरकतं.

हा आकडा मोठा असेल तर मध्यभागी मोकळ्या टिपा ठेवता येतात, आणि मध्य कमी आकसतो. लहरी काठासाठी ते हवंच आहे. जाळी असलेलं बॅटिंग ताणलं जात नाही, हाही फायदा. तुमच्या हातात दोन बॅटिंग असतील आणि फुगवटा सारखा असेल, तर जास्त अंतर चालणारं उचला.

पायरी ५ : नमुना शिवा

१२ इंचांचं बॅटिंग, १२ इंचांचं अस्तर आणि वर तुमच्याच बॉर्डरच्या कापडाची सव्वाबारा इंच लांब पट्टी घ्या. हा झाला दोन टक्के झोळ. टोकाला टोक जुळवून टाचा, टिपा मारा, धुवा, वाळवा. चुणी पडली नाही तर बॅटिंग योग्य आहे. चुणी पडली तर टिपांचं अंतर कमी करून बघा, मग भरण बदला. दुकानातून आधी अर्धा मीटर आणायला काही हरकत नाही. पूर्ण क्विल्टचं भरण आणून फसण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं.

पायरी ६ : थर जोडा

जोडायच्या आधी बॉर्डरवर खळ फवारा आणि वाफेची इस्त्री दाबत न्या, घासत नको. घासली की कापड आणखी ताणलं जातं. सुती कापड वाफेनं थोडं आकसतं आणि खळीनं ते तसंच राहतं. हे सगळं बॅटिंग घालायच्या आधी, कारण पॉलिएस्टरवर गरम इस्त्री चालत नाही.

अस्तर उलटं पसरून कडा जमिनीला चिकटपट्टीनं लावा, ताठ पण न ताणता. त्यावर बॅटिंग. आता बॅटिंगवर खडूनं क्विल्टचा खरा आकार आखा, म्हणजे मध्यावर आलेल्या मापाचा आयत. आपल्या उदाहरणात ६० बाय ८०. कोपऱ्याकोपऱ्यातले दोन्ही कर्ण १०० इंच आले की आयत काटकोनात आहे.

वरचा थर ठेवा. आधी मधला भाग पूर्ण टाचून घ्या. मग बॉर्डरची बाहेरची कड खडूच्या रेषेवर आणा : कोपरे, मग मध्य, मग पाव, मग त्याच्या निम्मं. प्रत्येक दोन पिनांमध्ये छोटासा फुगा राहील. तो तसाच राहू द्या, हातानं ढकलून कोपऱ्याकडे नेऊ नका. सगळा झोळ असा सारखा वाटला गेला की निम्मं काम झालं. मध्यभागी सेफ्टी पिना चार-चार बोटांवर चालतात, काठावर मात्र दोन-दोन इंचांवर. माझी पसंती काठावर हातानं कच्चा दोरा घालण्याला आहे, कारण दोरा ओढून सैल कापड जागच्या जागी बसवता येतं. स्प्रेच्या गोंदानं ते जमत नाही. 

पायरी ७ : टिपांचा क्रम आणि दिशा

वॉकिंग फूट असेल तर तोच लावा. तो वरचा थरही खालच्याबरोबर ओढतो, त्यामुळे झोळ पुढे ढकलला जात नाही. ९०/१४ नंबरची सुई, टाका अडीच ते तीन मिलिमीटर. फुगीर भरण असेल तर फुटाचा दाब एक-दोन वळसे सैल करा.

पहिली टीप मधल्या भागातल्या मुख्य सांध्यांमधून. दुसरी, मधला भाग आणि बॉर्डर यांच्या जोडावरून चारी बाजूंनी. ही टीप झाली की मध्य बांधला गेला, आता काठाचा झोळ आत शिरणार नाही. मग मधलं क्विल्टिंग, मोकळं, ३-४ इंचांच्या अंतरानं, अर्थात बॅटिंगच्या पाकिटावरच्या आकड्याच्या आत राहून.

काठावर लांबीला समांतर सरळ रेघा मारू नका. दिसायला सोप्या, पण त्या झोळाला पुढे पुढे रेटतात आणि शेवटी कोपऱ्यात घडी पडते. काठाला आडव्या, म्हणजे जोडापासून बाहेरच्या कडेपर्यंत जाणाऱ्या छोट्या रेघा मारा, पियानोच्या पट्ट्यांसारख्या, दीड-दोन इंचांच्या अंतरानं. प्रत्येक दोन रेघांमध्ये थोडं कापड फुगतं आणि लांबीचा झोळ तिथल्या तिथे खपतो. या रेघाही एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे मारत जायच्या नाहीत. बाजूच्या बरोबर मध्यावर पहिली, मग दोन्ही पावांवर, मग त्यांच्या मध्ये. दोरे जास्त कापावे लागतात, वेळ लागतो, पण नुसती ही पद्धत पाळली तरी मध्यम बॅटिंगवर दीड टक्क्यापर्यंतचा काठ सपाट बसतो.

दाते खाली करून मोकळ्या हातानं नक्षी काढणाऱ्यांनी काठावर नागमोडी भरगच्च नक्षी घ्यावी. फुगलेल्या जागेकडे बाहेरून आत जायचं आणि सुईपुढचं कापड बोटांनी गोळा करत राहायचं.

पायरी ८ : कडा कापणं, पाइपिंग, पहिलं धुणं

क्विल्टिंग झाल्यावर पुन्हा तीन ठिकाणी मोजा. कडेवर अजून अर्धा इंच जास्त असेल तर कडेपासून एक सूत आत, लांब टाक्याची टीप मारून दोरा हलकेच ओढा आणि काठ मध्याच्या मापाला आणा. मग कडा सरळ कापा.

बाहेरच्या पाइपिंगची पट्टी सरळ कापडाची घ्या, उरेब नको. उरेब पट्टी ताणली जाते आणि मिटलेल्या लाटा परत उघडतात. रुंदी अडीच इंच, फुगीर भरणाला तेवढी लागते. पट्टीवर मध्याचं माप आधी खुणेनं आखून घ्या आणि क्विल्ट त्या खुणांवर बसवा.

धुताना गार पाणी, सौम्य साबण. पिळू नका, जुन्या चादरीत गुंडाळून पाणी काढा. दोरीवर टांगलं तर ओल्या वजनानं काठ पुन्हा ताणतो, म्हणून जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून त्यावर पसरा. फरशीच्या सांध्यांशी कडा जुळवल्या की काटकोन नीट येतो. जिथे काठ अजून किंचित उचलतोय तिथे ओला असतानाच तळहातानं आत थोपटा. वर पंखा लावा, आणि वरची बाजू कोरडी झाली की उलटवा.